थंडीतलं तयार सूप

आज आपण सूपाबद्दल बोलणार आहोत. धान्य पाखडायचं सूप नाही, प्यायचं सूप. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका आजीबाईंनी पहिला प्रश्न हाच केला, “अगं, सूप बाजारातून कशाला आणायचं, बुरुडाकडून घ्या की!” हसून झालं. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून तो आज तुमच्यापुढे ठेवतोय.

आमचा निफाड तालुका. आमच्याकडच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते. 2018 च्या डिसेंबरात तर पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता आणि मणी तडकू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. त्याच दिवसांत बागेत बायकांचं काम जास्त असतं. विरळणी असते, डिपिंग असतं. औषधाच्या पाण्यात घड बुडवताना हात कोपरापर्यंत ओले होतात. सकाळी घरातून निघताना पोटात काय असतं? कपभर चहा आणि एखादी खारी. भाकरी सुटते दुपारी. मधल्या चार-पाच तासांत अंगात गारवा भरतो, डोकं दुखतं, मग पुन्हा चहा.

बागेत जाणाऱ्या एका ताईंनी बैठकीत विचारलं, “तयार सूपाची पाकिटं मिळतात. त्यातलं चांगलं कोणतं ते सांगा. सकाळी गरम पाणी ओतलं की झालं.” प्रश्न साधा आणि सरळ होता. त्यांच्याकडे चूल पेटवून वाट बघायला वेळ नाही. पाचला उठून स्वयंपाक, डबे, जनावरं, पाणी. त्यात कुणी म्हणालं की सूप घरीच ताजं करावं, तर ऐकणारी म्हणेल, तूच ये करायला. तेव्हा तयार सूप हवं ही गरज खरी आहे, एवढं आम्ही आधी मान्य केलं.

मग बाजाराच्या दिवशी पाच तऱ्हेची पाकिटं आणली. टोमॅटोचं, मिक्स भाज्यांचं, मक्याचं, मंचाव आणि एक ‘पौष्टिक’ लिहिलेलं. सतरंजीवर ओळीनं मांडली. ज्यांना बारीक अक्षर दिसतं त्यांनी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुढच्या बाजूला सगळ्यांवर लालबुंद टोमॅटो, हिरवागार वाटाणा आणि वाफाळता वाडगा. आम्ही पाकिटं उलटी केली, कारण वाचण्यासारखं सगळं मागे असतं.

मागे घटक पदार्थांची यादी असते. कायद्यानं ती उतरत्या वजनानं लिहावी लागते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं, जे सगळ्यात कमी ते शेवटचं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मं पाकीट वाचून होतं. आमच्या पाचांपैकी तीन पाकिटांवर पहिलं नाव मक्याच्या स्टार्चचं, म्हणजे कॉर्नफ्लोअरचं होतं. त्यानंतर साखर आणि मीठ. भाज्या त्यानंतर, त्याही वाळवलेल्या. जो दाटपणा आपल्याला भरीव वाटतो तो बहुतेक स्टार्चचा असतो. ‘पौष्टिक’वाल्या पाकिटातही पहिलं नाव स्टार्चचंच निघालं, तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

यादीच्या शेवटी आकडे येतात, 330, 627, 631 असे. आकडे बघून घाबरू नका. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. 627 आणि 631 चव वाढवण्यासाठी असतात. 621 म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते. ते वरून घातलेलं असेल तर बारा महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये, अशी सूचना पाकिटावर असते. ती शोधा, कारण आपल्याकडे बाळाला वरचं सुरू करताना ‘सूप हलकं असतं’ म्हणून तेच पाजलं जातं. पाकिटातलं सूप म्हणजे विष आहे, असं आम्ही म्हणत नाही. सरकारी परवानगीनंच ते विकलं जातं. प्रवासात किंवा अडीनडीला एखाद्या संध्याकाळी प्यायलं तर काही बिघडत नाही. पण रोजचा आधार म्हणून आणि आजाऱ्याचं पथ्य म्हणून त्याच्याकडे बघितलं, तर हिशेब वेगळा होतो.

हा हिशेब मिठाचा आहे. थोडं सावकाश सांगतो.

पाकिटावर ‘मीठ’ किती ते थेट लिहिलेलं नसतं. ‘सोडियम’ लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. सोडियमचा आकडा अडीचपट केला की मिठाचा आकडा मिळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चमचाभर. सोडियममध्ये मोजलं तर 2000 मिलिग्रॅम. आमच्या एका पाकिटावर एका कपाला सहाशेच्या वर सोडियम होतं. सहाशेची अडीचपट पंधराशे, म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दिवसभराच्या मिठाचा तिसरा हिस्सा एका कपात संपला. भाजी, ठेचा, लोणचं, पापड अजून पुढेच आहेत. त्यात पाकिटावर ‘चार जणांसाठी’ असं लिहिलेलं असतं, तो कप असतो दीडशे मिलिलिटरचा. आपल्या घरातल्या पेल्यानं दोघींतच ते पाकीट संपतं. मग मीठही दुप्पट. आणखी एक. काही पाकिटांवर आकडे एका कपाचे असतात, तर काहींवर 100 ग्रॅम पावडरीचे. दोन पाकिटांची तुलना करताना ते आधी बघा, नाहीतर गल्लत होते.

हे एवढं लांबण लावून का सांगतोय? आमच्या गटात एक मावशी आहेत, साठीच्या. आरोग्य शिबिरात त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. मावशींनी मनावर घेतलं. लोणच्याची बरणी सुनेच्या ताब्यात दिली, पापड बंद केले, भाकरीच्या पिठातलंसुद्धा मीठ सोडलं. तरी दर महिन्याला दाब तसाच. आशाताई घरी आल्या, गोळ्या मोजल्या, त्या बरोबर घेतल्या होत्या. मग त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय तोंडात जातं ते एकेक विचारलं. तेव्हा कळलं की मुंबईहून मुलगा पाकिटांचा खोकाच पाठवतो आणि मावशी हलकं म्हणून सकाळ-संध्याकाळ सूप पितात. मुलगाही काळजीनंच पाठवत होता. मावशी म्हणाल्या, “दवाखान्यात पण सूपच देतात की आजाऱ्याला!” त्यांचं म्हणणं चूक कसं म्हणणार? दवाखान्यातलं सूप आणि पाकिटातलं सूप यांचं नाव एकच, पण मीठ एक नाही. आता सूप बंद आहे, गोळ्या चालू आहेत. दाब आधीपेक्षा बरा आहे, पण मावशी दर महिन्याला उपकेंद्रात जाऊन तपासतात. ते सोडायचं नाही.

ज्यांना रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, गरोदरपणात पायावर सूज आहे, त्यांनी सूपाचं पाकीट डॉक्टरांना दाखवून मगच प्यावं. बाकीच्यांनी घ्यायचंच असेल तर पाच पाकिटांतलं सोडियम सगळ्यात कमी असलेलं घ्या आणि ज्याच्या यादीत डाळीचं किंवा भाजीचं नाव पहिल्या तीनांत आहे ते घ्या. अर्धं पाकीट वापरून त्यात घरातली मूठभर मेथी किंवा किसलेलं गाजर टाकून उकळलं, तर मीठ निम्मं होतं आणि चव फारशी जात नाही. आम्ही करून बघितलंय.

पण बागेत जाणाऱ्या ताईंचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. त्यांना नुसता गरमपणा नको, दुपारपर्यंत टिकणारं काहीतरी हवं. पाकिटांवर प्रथिनांचा आकडा बघितला तर एका कपाला ग्रॅमभर, कुठे दीड. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वरून आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी. 2019 ते 2021 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना, शंभरात 54 जणींना, रक्तक्षय निघाला. थंडीत हातपाय गार पडतात, दम लागतो, त्याचं कारण कधीकधी हवेत नसतं, रक्तात असतं. तिथे कॉर्नफ्लोअरचं पाणी काय करणार?

आता एक गंमत ऐका. मॅगीचं तयार सूप मुळात कुणासाठी निघालं माहीत आहे? स्वित्झर्लंड नावाच्या थंड देशात ज्युलियस मॅगी म्हणून एक गिरणीवाला होता. तिकडे तेव्हा बायका कारखान्यात दिवसभर राबायच्या. घरी चुलीपुढे बसायला वेळ नाही, म्हणून खाण्याची आबाळ, पोरं अशक्त. कारखाने तपासणाऱ्या एका डॉक्टरनं आणि तिथल्या लोककल्याणाच्या संस्थेनं हा प्रश्न उचलला. त्यातून मॅगीनं डाळी-कडधान्यांची पिठं तयार केली आणि 1886 मध्ये वाटाण्याची आणि घेवड्याची तयार सूपं बाजारात आणली. स्वस्त, पोटभर आणि लवकर होणारी. म्हणजे मॅगीच्या तयार सूपाचा जन्मच राबणाऱ्या बाईसाठी झाला आणि त्यात होतं कडधान्याचं पीठ.

हे बैठकीत सांगितलं, तशा त्या सूपवाल्या आजीबाई पुन्हा बोलल्या. “मग ते आपलं माडगंच की गं!”

हुलग्याचं माडगं. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तो आपला हुलगा. तरुण मुलींना शेंगोळी माहीत असतात, माडगं मात्र बऱ्याच जणींनी नुसतं ऐकलेलं. हुलगे भाजायचे, दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून पातळ शिजवायचं. सर्दी-पडसं झालं, तापातून उठलं की आजी वाटीभर द्यायची, कुणी गुळाचं करायचं, कुणी जिरं-लसणाचं. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. लोह असतं, कॅल्शियम तर तूर-मुगापेक्षा कितीतरी जास्त. आमच्या निफाडच्या काळ्या जमिनीत आता कुणी हुलगा लावत नाही, सगळीकडे द्राक्ष, कांदा, टोमॅटो. पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात अजून पिकतो. तिकडच्या गटाकडूनच आम्ही घेतला, गेल्या हंगामात 90 रुपये किलोनं.

पहिल्या खेपेला भाजून दळलेलं पीठ केलं. चव छान होती. पण नुसतं गरम पाणी ओतून ढवळलं तर कच्चट लागायचं आणि पोट गच्च व्हायचं. कडधान्य नीट शिजलंच पाहिजे. सात-आठ मिनिटं उकळावं लागायचं, म्हणजे ‘पाणी ओतलं की झालं’ हे काही साधेना. ताई म्हणाल्या, घरी करून थर्मासमध्ये नेईन, पण पहाटे तेवढा वेळ असता तर मी विचारलंच कशाला असतं? त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या खेपेला हुलगे आधी शिजवले. रात्रभर भिजवून सकाळी मऊ शिजवायचे, पाणी निथळून घ्यायचं. ते पाणी फेकू नका बरं, त्या कटाचं सार करा, त्या दिवशी घरात दुसरी आमटी लागत नाही. शिजलेले हुलगे सुती कापडावर पातळ पसरून कडक उन्हात तीन दिवस वाळवायचे, रात्री घरात घ्यायचे. वाळले की नाही याची परीक्षा दाताखाली. कट्टकन तुटला पाहिजे. जरा चिवट लागला तर अजून एक दिवस ऊन द्या, कारण ओल राहिली तर पिठाला बुरशी धरते आणि सगळी मेहनत उकिरड्यावर जाते. ढगाळ हवा असेल तर हे काम काढूच नका. वाळल्यावर मंद आचेवर खमंग भाजून दळायचं. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा, मिरचीच्या मागे दळू नको, हरभऱ्याच्या मागे दळ. हे पीठ आधीच शिजलेलं असल्यामुळे उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे टाकून ढवळलं, पाच मिनिटं झाकून ठेवलं की तयार. किंचित रवाळ लागतं. ते आम्ही चालवून घेतलं.

मीठ त्यात घातलं नाही, हे मुद्दाम सांगतो. यावर गटात बरीच वादावादी झाली. मीठ घालून विकलं तर गिऱ्हाईकाला सोपं जातं. पण मावशींचा किस्सा ताजा होता, म्हणून मीठ ज्याचं त्याच्या हातात ठेवलं. वरून लिंबू पिळायचं. लिंबानं हुलग्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहानं उलटं होतं, म्हणून माडगं आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा.

टोमॅटोचाही प्रयोग केला होता, तो थोडक्यात सांगतो. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटोचा बाजार एवढा मोठा, भाव पडला की लोक टोमॅटो रस्त्यावर ओततात, मग त्याची पावडर का करू नये, असं सगळ्यांनाच वाटतं. पण टोमॅटोत शंभरात 93-94 भाग पाणी. किलोभर वाळवला की हातात येते साठेक ग्रॅम. ती पावडरही हवा लागली की गोळा होऊन बसते, बरणी फोडायची वेळ येते. यंत्र आणि चांगलं पॅकिंग नसेल तर हे काम आपलं नाही, असं आमचं मत झालं. कुणाला जमलं असेल तर आम्हाला जरूर कळवा.

आता पैशाचं. किलोभर मसालेदार पीठ करायला हुलगे, जिरं, सुंठ, मिरी, दळण, सरपण धरून आम्हाला 160 रुपयांच्या आसपास खर्च आला. वीस ग्रॅमचा एक वाडगा धरला तर पन्नास वाडगे. वाडग्याला सव्वातीन रुपये, प्रथिनं चार ग्रॅमच्या जवळ. यात आमची मजुरी धरलेली नाही. ती धरायची आणि मगच विक्रीची किंमत ठरवायची. बायकांच्या गटात ही मजुरी नेहमी विसरली जाते आणि वर्षाअखेर हातात काही उरत नाही.

त्याच सुमाराला एका वितरकाचा माणूस आमच्याकडे आला होता. सूपाच्या पाकिटांचे खोके गटानं घ्यावेत, गावोगाव विकावेत, कमिशन देऊ म्हणाला. आमच्यातल्या एका ताईंना, नवरा वारल्यापासून ज्यांचं घर एकट्याच्या मजुरीवर चालतं, ते पटलं होतं. आयता माल, जोखीम कमी. गटानं त्यांना अडवलं नाही. त्यांचं स्वतःचं दुकान आहे, पाकिटं ठेवायची तर ठेवा. पण गटाच्या बचतीतले पैसे खोक्यांत घालायचे नाहीत, असं ठरलं. त्याऐवजी त्याच ताईंना अंतर्गत कर्ज दिलं शेगडी, पातेलं आणि पेल्यांसाठी. आता त्या मजुरांच्या गाड्या थांबतात त्या फाट्यावर सकाळी साडेसहाला माडगं विकतात, दहा रुपये पेला. थंडीत बरं चालतं. फेब्रुवारी लागला की गिऱ्हाईक गळतं, तेव्हा काय विकायचं याचा विचार अजून चालू आहे.

पाकिटात भरून विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी काढावी लागते. आम्ही काढली तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, लहान उद्योगांसाठीची. नोंदणीचा चौदा आकडी नंबर, घटकांची यादी, वजन, केल्याची तारीख, वापरायची मुदत, किंमत, पत्ता आणि हिरवा ठिपका, एवढं पाकिटावर छापा. दुसऱ्यांची पाकिटं उलटी करून वाचायला शिकलो, तर आपलंही कुणी उलटं करून वाचणारच. आम्ही मुदत दोन महिन्यांचीच टाकतो. लसूण आणि सुकं खोबरं त्यात घालत नाही. खोबरं खवट होतं आणि लसणाला ओल सुटते. ज्याला हवं त्यानं घरी फोडणीत घालावं.

एक जरा अवघड गोष्ट बोलायची आहे. बागेत जाणाऱ्या पुष्कळ जणी सकाळी पाणीच पीत नाहीत. आडोसा नसतो, मुकादम पुरुष असतो, मग कशाला प्या! थंडीत तहानही कळत नाही. त्यातून लघवीची जळजळ सुरू होते आणि ती अंगावर काढली जाते. माडगं असो की साधं गरम पाणी, पोटात पातळ काहीतरी गेलंच पाहिजे. आमच्या गावात दोन टोळ्यांनी बागमालकाशी बोलून चार बांबू आणि शेडनेटचा आडोसा करून घेतला. मालकाला खर्च फार आला नाही. मागितला म्हणून मिळाला.

हुलगा उष्ण असतो, गरोदर बाईला चालतो का, असं बऱ्याच जणी विचारतात. इतर कडधान्यांसारखंच हेही कडधान्य आहे, शिजवून बेतानं खायचं. युरिक आम्लाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. नुसत्या ऐकीव गोष्टीवरून सोडू नका आणि धरूही नका.

आता वही-पेन्सिल घ्या, माप पुन्हा एकदा सांगतो. हुलगे एक किलो, भिजवून शिजवून वाळवलेले. जिरं पन्नास ग्रॅम, मिरी वीस ग्रॅम, सुंठ वीस ग्रॅम, सावलीत वाळवलेला कढीपत्ता मूठभर, हिंग एक छोटा चमचा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून ठेवला असेल तर त्याची दोन मुठी पावडर. मसाले वेगवेगळे भाजायचे, एकत्र दळायचे, चाळायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचे. पेल्याला दोन मोठे चमचे, उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. मीठ आणि लिंबू पिताना.

पुढच्या बुधवारी याच वेळेला गटाच्या अंतर्गत कर्जाच्या वहीबद्दल बोलू.